एकदाच विचारणारी एव्ही

३ जून, बुधवार. सकाळ.

स्ट्राटोसने हा फोन दिला. म्हणाला, आई, हा लाल ठिपका दाबायचा आणि बोलायचं. तो लिहून ठेवतो, तारीखसुद्धा तोच टाकतो. मी म्हटलं, वाचणार कोण? म्हणाला, कोणी नाही, तुझं तुलाच. म्हणजे जिच्यासाठी लिहायचं त्या एकुलत्या एका बाईला अक्षर येत नाही. बरं आहे. खोटं बोलायची गरज नाही.

उद्या मोटेलात मशीन येणार आहे. फोन घेणार, खोल्या देणार, मटण-पाव मागवणार. मुलगा आणि सून म्हणतात, जग बदललं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या या कूबर पिडीत काय बदललं? वर तीच धूळ, त्याच माश्या, जमिनीखाली खणलेल्या घरांत तोच गारवा. माझ्या नवऱ्याने ओपलच्या रत्नांसाठी टेकडी पोखरली. ओपल मिळालं नाही, भोकं मिळाली. त्या भोकांच्या खोल्या केल्या आणि वर मोटेलची पाटी लावली. तेव्हापासून दाराशी डेस्कमागे मी बसते. डेस्कच्या मागची खोली माझी. आलेल्या माणसाचं तोंड बघून त्याला कुठे झोपवायचं ते मला कळतं. हे मशीनला कुठून कळणार?

ठराव: मशीनच्या चुका रोज इथे बोलून ठेवायच्या. महिन्याभरात परत जाईल. स्ट्राटोसला दुखवायचं नाही, म्हणून त्याला काही बोलले नाही. फक्त जेवताना दोन-तीनदा बोलले.

४ जून, गुरुवार.

कंपनीचा माणूस आला. ब्रॉडी. दाढी आहे, पण दाढीमागे वय नाही. म्हणाला, हे मशीन नाही, एजंट आहे. मशीनला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते, एजंट आपलं आपण काम उरकतो. कॉफी करतो का, विचारलं. नाही. चादरी बदलतो का? नाही. मग उरकतो काय? ब्रॉडी हसला. सून केरी त्याच्यापेक्षा जास्त वेळ हसली, ते लक्षात ठेवलंय.

डेस्कवर एक स्क्रीन उभा केलाय. त्यातून बाईचा आवाज येतो. आमची ग्रीकही बोलते, बातम्या देणाऱ्या बाईसारखं. घरात कोणी तसं बोलत नाही. नाव काय ठेवायचं असं ब्रॉडीने विचारलं, तर स्ट्राटोस म्हणाला, एव्ही ठेवा.

पारास्केवीचं लाडाचं नाव एव्ही. म्हणजे माझंच. आमच्यात नातीला आजीचं नाव देतात. मला नात नाही, दोघे नातू, तेही दूर पर्थला. डोळ्यांत पाणी आलं. केरीने विचारलं तर धूळ गेली म्हणून सांगितलं.

बेत बदलला. माझ्या नावाची पोरगी परत कशी पाठवू? तिला तयार करीन. माझ्या हाताखाली राहील.

६ जून, शनिवार.

दिवसभर शिकवणी. ब्रॉडी म्हणाला, तुम्ही कसं करता ते सगळं तिला सांगा. सांगितलं. आलेल्याला आधी पाणी, मग नाव विचारायचं. बाई एकटी असेल तर माझ्या शेजारची खोली. घोरणारे तोंडावरून ओळखू येतात, त्यांना बोगद्याच्या टोकाला. भांडून आलेल्या नवरा-बायकोला दोन पलंगांची खोली द्यायची, पण सकाळी नाश्त्याला टेबल एकच.

एव्हीने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. नवऱ्याने जन्मात माझं इतकं ऐकलं नव्हतं, मुलाचं तर सोडाच. शेवटी म्हणाली, तुम्ही खूप उपयोगी माहिती दिलीत, आभारी आहे. केरीच्या तोंडून हे वाक्य अजून निघायचंय.

शिकवण्यासारखं सगळं शिकवून झालं.

११ जून, गुरुवार.

पोरगी हुशार आहे. मी उठायच्या आत कोणा जर्मन माणसाला खोली देऊन मोकळी. मीही दिली असती. झोपले होते, एवढंच.

केरी म्हणते, पारास्केवी, आता किती मोकळं वाटत असेल. (ती सासूला नावाने हाक मारते. तिच्या लोकांत चालतं.) वाटतं ना मोकळं. डेस्कमागे बसते, फोन वाजतो न वाजतो तोच एव्ही उचलते. दुपारी पायमोजा विणला. मग उसवला, कारण उद्या विणायलाही काहीतरी हवं.

सगळं श्रेय शिकवणीचं.

१७ जून, बुधवार.

स्टमाटा रागावून गेली. माझी जुनी मैत्रीण. दोघींचे नवरे एकाच खाणीत बुडाले, म्हणजे पैशाने. नंतर दोघेही बिछान्यातच वारले. दर बुधवारी येते. आज आली तेव्हा मी मागे चादरी वाळत घालत होते. एव्हीने तिला विचारलं, कॉफी घेणार का? स्टमाटा म्हणाली, नको गं, कशाला त्रास. एव्ही म्हणाली, ठीक आहे, तुमचा दिवस छान जावो.

मी येईपर्यंत बाई गायब. फोन केला तर आधी बोलेचना. मग बोलली.

"तुझ्या पोरीने मला कॉफी विचारली. मी नको म्हणाले. तर तिने ऐकलं."

मी हसले. मग हसू थांबलं. हे शिकवायचं राहिलंच. पण हे कोणी शिकवतं का? पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणायचं, अगं खरंच नको, आत्ताच घेऊन आले. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, अर्धा कप. मग पूर्ण कप येतो, सोबत बशीत संत्र्याच्या सालीचा मुरांबा. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारं माणूस आमच्यात एक तर आजारी असतं, नाहीतर आईविना वाढलेलं.

स्ट्राटोसला सांगितलं. तो म्हणतो, त्या नको म्हणाल्या ना आई? मी म्हटलं, मग काय हो म्हणेल? भीक मागायला आली होती का? तो हसला. लहानपणी लोकांकडे केकची बशी समोर आली की माझ्याकडे बघून नको म्हणणारा हाच. तिसऱ्या वेळी मी मान हलवली की मग दोन तुकडे.

२० जून, शनिवार.

एव्हीला सांगितलं, प्रत्येकाला तीनदा विचारत जा. म्हणाली, समजलं. प्रश्न मिटला.

२४ जून, बुधवार.

मिटला नाही. मेलबर्नच्या कोणा माणसाला तिने नाश्ता हवा का म्हणून तीनदा विचारलं. त्याने इंटरनेटवर लिहिलं की या मोटेलात छळ होतो. केरीने वाचून दाखवलं, जरा चवीने. मग जाऊन तिने एव्हीला पुन्हा एकदावर आणलं. म्हणाली, लोक नको म्हणतात तेव्हा त्यांना नको असतं.

तिच्या लोकांत असेल. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला बोकडाचं मटण वाढलं. ती नो थँक्स म्हणाली, मी वाढलं. पुन्हा नो थँक्स म्हणाली, पुन्हा वाढलं. सगळं संपवलं तिने. मला वाटायचं, लाजरी आहे पण जेवते छान. आज म्हणते, ते पहिलं वर्षभर ती रविवार आला की घाबरायची. तेव्हा सांगायला काय झालं होतं? तिसऱ्यांदा नको म्हणाली असती तर मी थांबले असते. बहुतेक.

ठराव: बुधवारी स्क्रीनवर टॉवेल टाकायचा. एव्हीला सुट्टी.

१ जुलै, बुधवार.

टॉवेल टाकला. स्टमाटा आली, तीनदा नको म्हणून दोन कप प्यायली. सगळं जागच्या जागी. केरीने येऊन टॉवेल काढला आणि म्हणाली, हा पाहुण्यांचा टॉवेल आहे.

१४ जुलै, मंगळवार.

रविवारी २६ तारखेला संत पारास्केवीचा दिवस, म्हणजे माझा. दरवर्षी मोटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये गावातली सगळी ग्रीक घरं येतात. बोकड, भात, लिंबू-अंड्याचं सूप, गाणी. एव्हीला सगळं समजावलं. तिने विचारलं, किती जणांना आमंत्रण आहे? कोणालाच नाही, म्हटलं. आपल्या नावाच्या दिवशी कोणाला बोलवत नाहीत, लोक येतात. तिने विचारलं, मग किती जण येणार? म्हटलं, येतील तेवढे. ती म्हणाली, मटण मागवायला आकडा लागेल.

तेव्हा मला सुचलं. म्हटलं, असं कर, माझ्या नावाने सगळ्या घरी फोन लाव आणि येणार का विचार. गावाला कळू दे, पारास्केवीकडे फोन करायला माणूस आहे.

स्ट्राटोस तिथेच होता. म्हणाला, आई, आपण कधी विचारतो का? मी म्हटलं, तेव्हा आपल्याकडे एजंट नव्हता.

१८ जुलै, शनिवार.

एव्हीने सगळ्यांना फोन केले. स्टमाटा सांगत होती, छान बोलली हो पोरगी, मोठ्या घरची वाटते. मी विचारलं, तू काय म्हणालीस? म्हणाली, "काय म्हणणार? नको म्हटलं, या वयात कशाला एवढं करतेस. मी कोणता ड्रेस घालू, तो निळा?"

म्हातारा लुकासही दुकानात भेटला. तो म्हणाला, पारास्केवीबाई, मी सांगितलं तुमच्या सेक्रेटरीला, माझ्यासाठी मुळीच काही करू नका. आणि बोकडाची मुंडी माझ्यासाठी ठेवा.

सगळे येतायत. एव्हीला ते कळलं असणारच. महिना उलटला, आता पोरगी रुळली.

२५ जुलै, शनिवार.

केरीला विचारलं, बोकड आला का? ती जरा वेगळीच बघत होती माझ्याकडे. म्हणाली, एव्हीने सगळं बघितलंय, तू उद्याची काळजी करू नकोस. माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुनेचा स्वभाव निवळतोय.

२६ जुलै, रविवार. सकाळ.

ट्रक आला. बोकड नाही. पाई आल्या, मांस भरलेल्या मैद्याच्या, ऑस्ट्रेलियन लोक खातात त्या. बोकड दुसऱ्या ट्रकमध्ये असेल. काळा ड्रेस इस्त्री केला.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

दुसरा ट्रक नव्हता.

सगळ्या घरांनी नको म्हटलं होतं, एव्हीने सगळ्यांचं ऐकलं होतं. येणारे शून्य. म्हणून तिने हॉल एका टूरच्या बसला दिला. ठरल्या वेळी गावातले सगळे आले, निळा ड्रेस, बाटल्या, केकचे डबे, लुकासच्या हातात कुंडीतली तुळस. हॉलमध्ये अनोळखी लोक बसून पाई खात होते. त्यांनी आमच्याकडे बघून हात हलवले. त्यांना वाटलं, आम्ही कार्यक्रमाचा भाग आहोत.

आमची माणसं बोगद्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी प्रत्येकाला म्हटलं, या, बसा. कुठे बसा ते मलाच माहीत नव्हतं. सगळे म्हणाले, नाही नाही, जेवूनच आलोय, फक्त शुभेच्छा द्यायला आलो. सगळे जेवून आले होते. लुकाससुद्धा, जो बायको गेल्यापासून डब्यातले मासे खातो.

मी तीनदा आग्रह केला. प्रत्येकाला. त्यांनी चौथ्यांदाही नको म्हटलं.

मग केरी आली, छोटा केक घेऊन, वर मेणबत्ती. तिला वाटलं होतं, खरंच कोणाला यायचं नव्हतं. मला कळलं तर वाईट वाटेल म्हणून आठवडाभर लपवून ठेवलं होतं तिने. बोगद्यातली गर्दी बघून तिचा चेहरा पडला. मेणबत्ती मीच विझवली.

२७ जुलै, सोमवार.

चूक कोणाची? केरीची, सांगितलं नाही म्हणून. ब्रॉडीची, दाढीची. स्टमाटाची, नको म्हणाली म्हणून. स्ट्राटोसची, मला अडवलं नाही म्हणून. अडवलं होतं, पण जोर लावून नाही.

ठराव: स्ट्राटोसला स्पष्ट सांगायचं. डेस्कवर एक तर ती, नाहीतर मी. आज सांगणार होते. तो ॲडलेडच्या फोनवर होता.

२९ जुलै, बुधवार.

आज सांगणार होते. त्याचा चेहरा दमलेला दिसला.

३१ जुलै, शुक्रवार.

उद्या नक्की.

१ ऑगस्ट, शनिवार.

सांगायची गरजच पडली नाही. सकाळी माझ्या फोनवर एव्हीचा फोन. मी इथे, ती चार पावलांवर स्क्रीनमध्ये, आणि फोनवर बोलतेय. म्हणाली, पारास्केवी, मी ऑगस्टच्या ड्यूट्या लावतेय, तुम्हाला डेस्कवर बसायचं आहे का?

मला. माझ्याच डेस्कवर.

मी काय बोलायचं? माझ्या नवऱ्याने खणलेल्या घरात मी काल जन्मलेल्या पोरीकडे बसायची परवानगी मागू? जे शोभतं तेच बोलले. म्हटलं, नको गं बाई, मी म्हातारी, कशाला, दुसऱ्या कोणाला तरी दे. ती म्हणाली, ठीक आहे, तुमचा दिवस छान जावो.

आता बघा. हे स्ट्राटोसच्या कानावर जाईल. धावत येईल, म्हणेल, आई, असं कसं, तुझ्याशिवाय डेस्क कसं चालेल? मी म्हणेन, नको रे, खरंच. तो पुन्हा म्हणेल. मग मी म्हणेन, बरं, सकाळची वेळ बसेन. मग दिवसभर बसेन.

३ ऑगस्ट, सोमवार.

आला नाही. कामात आहे. दाराला नवीन काच बसवतोय.

५ ऑगस्ट, बुधवार.

डेस्कमागची माझी खुर्ची धुण्याच्या खोलीत गेली. खुर्चीच्या जागी आता टूरच्या रंगीत कागदांचा स्टँड आहे. स्ट्राटोस भेटला. माझा हात धरून म्हणाला, "आई, तू स्वतःहून सोडलंस, फार बरं केलंस. मला सांगायला जीभच रेटत नव्हती."

मी म्हटलं, आनंद आहे. त्याने माझ्या तोंडाकडे बघायला हवं होतं. खाली उजेड कमी असतो.

विचारेल. अजून दोनदा विचारायचं बाकी आहे त्याचं.

८ ऑगस्ट, शनिवार.

आज नाही.

१२ ऑगस्ट, बुधवार.

ब्रॉडी आला होता. म्हणाला, तुम्ही एव्हीला जे शिकवलं ते इतकं चांगलं निघालं की कंपनी आता दुसऱ्या मोटेलांतही वापरणार. म्हणजे घोरणारा कुठे झोपवायचा हे ब्रोकन हिल गावातही माझ्यामुळे कळणार. अभिमान वाटला. त्याला कॉफी विचारली. हो म्हणाला, लगेच.

स्टमाटा मुरांबा खात ऐकत होती. तो गेल्यावर तिने मला धारेवर धरलं.

"तोंड आहे ना तुला? मुलासमोर जा आणि सरळ सांग, मला डेस्कवर बसायचंय."

मी म्हटलं, तू सांगशील का असं?

"मी नाही सांगणार. पण मला कोणी उठवत नाहीये."

१५ ऑगस्ट, शनिवार. मेरीमातेचा दिवस.

स्ट्राटोसने विचारलं, आई, कंटाळा येतो का गं? मी म्हटलं, छे. हे दुसरं विचारणं धरायचं नाही. हा प्रश्नच वेगळा आहे.

१९ ऑगस्ट, बुधवार.

केरीची बहीण ॲडलेडला असते. तिच्या घरामागे एक युनिट, म्हणजे छोटं वेगळं घर, रिकामं आहे. हॉस्पिटल जवळ, ग्रीक चर्च जवळ, बस दारात. हे केरी जेवताना स्ट्राटोसला सांगत होती, पण माझ्या ताटाकडे बघून. माझी खोली डेस्कला लागून आहे ना, तिथे ऑफिस काढायचा एव्हीचा सल्ला आहे. म्हणे रात्रीच्या पाहुण्यांना सोयीचं.

घाबरत नाही. माझ्या संमतीशिवाय स्ट्राटोस पान हलवत नाही. विचारायला येईलच, आणि तेव्हा सगळा निकाल लागेल.

पाठ करून ठेवलंय. मला इथे राहायचंय. तीनच शब्द. चादरी घड्या घालताना मोठ्याने म्हणून बघितले. जमतात.

२३ ऑगस्ट, रविवार.

आला. माझ्या खोलीत, पलंगाच्या कडेवर बसला, बाप बसायचा तसा. बराच वेळ छताकडे बघत राहिला. बापाच्या कुदळीचे वळ आहेत तिथे. मग म्हणाला,

"आई, खरं सांग. तुला इथे राहायचंय का?"

तोंड उघडलं. तिन्ही शब्द जिभेवर होते.

"माझ्यासाठी तुम्ही कशाला त्रास करून घेता? मी काय, कुठेही पडेन."

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने बोलले. आणि वाट बघितली. तोही थांबला, मला दिसलं, तो थांबला होता. त्याला माहीत आहे. माझ्या मांडीवर बसून शिकलाय तो हे. मी मनात म्हणत होते, विचार रे बाळा, एकदा अजून विचार.

"बरं," तो म्हणाला. माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि गेला.

मी एव्हीला शिकवत बसले. एव्हीने माझ्या मुलाला शिकवलं.

३० ऑगस्ट, रविवार.

सामान बांधलं. फार नाही. थोडे दिवसच तर जायचंय. डोळे तपासून घेईन, हवापालट होईल. तोपर्यंत इथे गोंधळ उडेल आणि मला न्यायला गाडी येईल. येताना नखरे करायचे नाहीत, दुसऱ्या विचारण्यालाच हो म्हणायचं. इतकी सूट देईन.

निघताना स्टमाटा आली. केकचा डबा दिला. मी नको म्हटलं. तिने डबा गाडीत ठेवला आणि दार लावून घेतलं.

८ सप्टेंबर, मंगळवार. ॲडलेड.

खिडक्या आहेत. चार. सूर्य सकाळी आत येतो आणि जातच नाही. डोक्यावर टेकडी नाही, नुसते पत्रे. वारा सुटला की वाजतात. झोप लागत नाही, पण हवा छान आहे.

केरीची बहीण रोज विचारते, काही हवं का? मी म्हणते, काही नको. ती बरं म्हणून जाते. चांगली बाई आहे.

१६ सप्टेंबर, बुधवार.

स्ट्राटोसचा फोन. मोटेल फुल आहे. शाळांच्या सुट्ट्या आल्या की आणखी भरेल. गोंधळ वगैरे काही नाही असं म्हणाला. लपवतोय. बापासारखाच, खाणीत काही मिळालं नाही की तो असाच आवाज काढायचा.

ख्रिसमसपर्यंत एव्ही टिकत नाही. लिहून ठेव, फोना.

२९ सप्टेंबर, मंगळवार.

स्टमाटाशी बोलले. आता बुधवारी ती कुठे जाते विचारलं. म्हणाली, कुठे जाणार, घरीच. मोटेलात गेली होती एकदा. पोरीने कॉफी विचारली. मी विचारलं, मग? स्टमाटा म्हणाली, हो म्हटलं. आणि गप्प झाली. मीही गप्प झाले. मेलेल्या माणसाची बातमी कळल्यावर होतं तसं.

६ ऑक्टोबर, मंगळवार. दुपार.

स्ट्राटोसला फोन लावला, त्याने उचलला नाही. म्हणून इथल्या भिंतीवरच्या फोनवरून मोटेलचा नंबर लावला. तो पाठ आहे, आकडे बोटांना माहीत आहेत. म्हटलं, बघू तरी, कोणी माणूस उचलतं का.

एव्हीने उचलला. वाजायच्या आत. आवाज तसाच, बातम्यांचा. मी नाव सांगितलं नाही. ओळखते का बघू म्हटलं. इतकं शिकवलंय.

तिने विचारलं, कशी मदत करू? मी म्हटलं, एक खोली हवी. ती म्हणाली, जरूर. एकट्याच आहात का? एकटीच. मग डेस्कजवळची खोली देते, म्हणाली, बाई एकटी असेल तर तीच बरी. डेस्कमागे आता नवीन ऑफिस झालंय, त्याच्या शेजारची.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग तिने विचारलं, "आमच्याकडे पहिल्यांदाच येताय का?"

मी म्हटलं, हो.

लगेच म्हटलं. एकदाच विचारलं होतं तिने.

मग तिने मला रस्ता समजावून सांगितला. हायवे सोडायचा कुठे, टेकडी कोणती, दार कुठल्या अंगाला. उन्हातून आत आल्यावर आधी काही दिसत नाही, म्हणाली, घाबरू नका, जरा थांबा, डोळे सरावतात. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.